मधली कडी कोणाची?

मित्रांनो, सरकारी गोदामातल्या लोखंडी कपाटात, अगदी तळाशी, गुंडाळून टाकलेली गंजकी साखळी म्हणजे मी. एके काळी एका जुन्या पुलाचे फाटक माझ्या जिवावर बंद होत असे. नदीला पूर आला की मला बांधत आणि ओसरला की सोडत.

माझा जन्मच भांडणातून झाला. पूल केंद्र सरकारचा आणि पुलापर्यंतचा रस्ता राज्य सरकारचा. मग फाटकाची साखळी कोणी करून द्यायची? दोन्हीकडच्या साहेबांनी घासाघीस करून अर्धी अर्धी करायचे ठरवले. लोहाराने दोन तुकडे घडवले. राज्याचा पिवळा रंगवला, केंद्राचा करडा, आणि मध्ये एक कडी घालून दोन्ही जोडले.

"ही मधली कडी कोणाच्या वाट्याची?" एका साहेबांनी विचारले.

"ती माझ्याकडून," लोहार म्हणाला. "तुमचं लग्न लावतोय, आहेर नको?"

फाटकावर दोन राखणदार होते. रस्त्याच्या बाजूला अक्का, राज्याच्या नोकरीत. पुलाच्या बाजूला तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा, केंद्राच्या नोकरीत. अक्का त्याला चिडवायला 'पाहुणे' म्हणे, आणि तेच नाव पडले. कुलपे लावायची त्यांची एक रीत होती. माझ्या एका टोकाला अक्काचे कुलूप, दुसऱ्या टोकाला पाहुण्यांचे, आणि दोन्ही कुलपे एकमेकांत अडकवलेली. त्यामुळे कोणतेही एक उघडले तरी मी मोकळी होत असे. ज्याला गरज पडेल त्याने उघडावे आणि दुसऱ्याला हाक मारून सांगावे. अशी कितीतरी वर्षे सुरळीत गेली.

मग एका पुरात राज्याच्या साहेबांनी पूल बंद करवला. केंद्राच्या मालमोटारी खोळंबल्या, म्हणून त्यांच्या साहेबांनी तो उघडवला. पुन्हा बंद, पुन्हा उघड. प्रकरण वर गेले. वरून हुकूम आला: दोन्ही सरकारांची संमती असल्याशिवाय फाटक उघडू नये, आणि बंदही करू नये. हुकूम पोहोचला तेव्हा फाटक बंद होते. झाले! ते बंदच राहिले.

साहेबांनी मला फाटकाला दोन वेढे दिले आणि प्रत्येक वेढ्याला वेगळे कुलूप ठोकले. आता दोन्ही किल्ल्या फिरल्या तरच सुटका. पाहुण्यांची किल्ली तर दूरच्या कचेरीत जमा झाली. पूर ओसरला, नदीत वाळू दिसू लागली, तरी मी तशीच. माणसे बाजूच्या फटीतून ये-जा करत. गाड्यांना लांबचा वळसा. अडवण्याचे काम माझे, पण सगळ्यांत जास्त अडकले मीच. गंज पहिल्यांदा चढला तो कुलपांखाली. तिथे मला तसूभरही हलता येत नव्हते.

एके दुपारी पुलापलीकडे धूर दिसला. पाहुण्यांचे घर पेटले होते. वरच्या खोलीत त्यांची अंथरुणाला खिळलेली आई होती आणि जिना जळत होता. शिडी होती ती फक्त आगीच्या बंबावर, त्यालाच जोडलेली, आणि बंब येऊन उभा राहिला माझ्यासमोर.

"किल्ल्या काढा!" बंबाचा प्रमुख ओरडला.

अक्काने आपले कुलूप झटक्यात काढले. एक वेढा सुटला, दुसरा तसाच.

"पाहुणे, तुमची?"

"कचेरीत, अक्का! माझ्याकडे ठेवतात होय!" पाहुणे दोन्ही हातांनी मला ओढत होते. "आई वर आहे हो!"

प्रमुखाने लोखंड कापायची मोठी कात्री आणली. माझ्यापाशी येऊन तो थबकला. "केंद्राचा माल आहे हा. मी राज्याचा माणूस. उद्या माझ्यावर शेकेल."

"डोळे फुटले का? रंग बघा की!" अक्का कडाडली. त्या वेढ्यात माझ्या दोन्ही रंगांच्या कड्या होत्या. "करड्याला हात लावू नका. पिवळी कापा. पिवळी माझ्या ताब्यातली आहे. कुणी विचारलंच तर माझं नाव सांगा!"

कात्री चालली. दुखले, खोटे कशाला बोलू? पण त्या घावाइतका हलकेपणा मी आयुष्यात अनुभवला नव्हता. बंब धडधडत पुलावर गेला.

घर राहिले नाही. म्हातारी वाचली. शिडीवरून उतरताना तिने विचारले म्हणे, "इतका वेळ कुठे उलथला होतात?"

अक्काची चौकशी झाली. तुटलेली कडी राज्याची निघाल्यामुळे केंद्राला बोट ठेवता येईना, आणि राज्याने समज देऊन तिला सोडले. फाटकावर आता नवी साखळी आहे. पाहुण्यांनी भांडून किल्ली परत मिळवली आणि दोघांनी कुलपे पुन्हा एकमेकांत अडकवली. हुकूम काही बदललेला नाही. साहेब येणार असले की पुन्हा दोन वेढे घालतात.

आणि मी? दोन्ही सरकारांना आपापला अर्धा भाग परत हवा आहे. पण मधली कडी उघडल्याशिवाय वाटणी होत नाही, आणि ती दोघांपैकी कोणाचीच नाही. तिला हात लावायचा अधिकार कोणाला, हे ठरलेले नाही. ज्याने दिली तो लोहार केव्हाच गेला.

मित्रांनो, कुलपे दोन असायलाच हवीत. एकाच्याच हाती किल्ली गेली, तर तो आपल्या लहरीने फाटक लावील. पण ती एकमेकांत अडकवा. आणि अशी एखादी मधली कडी तुमच्या नजरेस पडली, तर तिला थोडे तेल द्या. ती आपली नाही म्हणून दोघेही तिच्याकडे पाहत नाहीत.

मला स्वतःला ते करता येत नाही. या कपाटालाही दोन कुलपे आहेत, आणि ती एकमेकांत अडकवलेली नाहीत.