लाल बटण आणि मालकाचा भाचा

मित्रांनो, मी एक जुने लाल बटण आहे. आकाराने तुमच्या तळहाताएवढे, वरून फुगीर, कोणाच्याही डोळ्यांत भरेल असे. शहरभरच्या इस्पितळांच्या चादरी धुणाऱ्या एका कारखान्यात, कंबरेएवढ्या लोखंडी खांबावर मी बसलेलो असतो. खांबाला लागूनच कठडा आहे आणि कठड्याच्या आत एक रोबो काम करतो. तो काम करत असतो तेव्हा माझे काम असते काही न करणे. मात्र कोणाच्या जिवावर बेतले आणि कोणी मला दाबले, तर रोबोला पापणी लवायच्या आत थांबवायचे. म्हणजे आयुष्यभर रिकामे बसायचे आणि तरीही एक डुलकी काढायची नाही. अशी नोकरी तुम्हाला कोणी देऊ केली तर घरच्यांशी नीट बोलून घ्या.

माझा जन्म दुसऱ्या एका कारखान्यात झाला. तिथे बटणांची परीक्षा घेणारे एक यंत्र होते. ते आम्हाला दाबायचे, सोडायचे, पुन्हा दाबायचे. दिवसभर तेच. मला वाटले, मोठेपणी आपल्याला फारच मागणी असणार. माझ्या वाट्याचे बहुतेक सगळे दाबणे बालपणीच उरकून घेतले होते, हे कळायला पुढे बराच काळ गेला.

चादरींच्या कारखान्यात मी आणि रोबो एकाच गाडीतून आलो. तुमच्या चित्रांच्या पुस्तकातल्या रोबोला डोके असते, डोळे असतात, तो गोड आवाजात बोलतो. आमचा रोबो म्हणजे नुसता एक हात. खांद्यापासून मनगटापर्यंत पिवळा, आणि पंजाच्या जागी भलामोठा चिमटा. घडी घातलेल्या चादरींचा गठ्ठा सरकत्या पट्ट्यावरून आला की तो उचलायचा, वळायचे, ट्रॉलीत ठेवायचा आणि परत यायचे.

उद्घाटनाला मालक आले. त्यांनी त्याच्या पिवळ्या दंडावर अशी थाप मारली की जणू तो आत्ताच परीक्षेत पहिला आला आहे. तंत्रज्ञाने समजावून सांगितले की हे लाल बटण दाबले की यंत्र जागच्या जागी थांबते. मालकांनी मला दाबले. रोबो गठ्ठा हवेत धरून तसाच उभा राहिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मित्रांनो, मला दाबले म्हणून वाजलेल्या त्या पहिल्या आणि शेवटच्या टाळ्या.

पहिल्याच आठवड्यात रोबोने चादरींचे गठ्ठे जमिनीवर आपटले, एक ट्रॉली चेपवली आणि एक अख्खी दुपार बंद पडून काढली. त्याला कोणी अवाक्षर बोलले नाही. उलट त्याला गरम होत असेल म्हणून पंखा मागवला. घडीच्या टेबलावर काम करणाऱ्या बाया त्या पंख्याची कित्येक उन्हाळे वाट बघत होत्या. त्यांच्यातली एक, वन्सं, पंख्याकडे बघत म्हणाली, "हा मालकाचा भाचा दिसतोय." तेव्हापासून त्याचे नाव भाचा पडले.

वन्सं हे तिचे खरे नाव नव्हे. तिची भावजय पुढे याच टेबलावर कामाला लागली आणि तिला वन्सं म्हणू लागली, म्हणून साहेबांसकट सगळा विभाग तिला वन्सं म्हणतो. वन्सं भावजयीला वहिनी म्हणते, म्हणून तिला सगळे वहिनी म्हणतात. नव्या माणसाला वाटावे, इथे चादरी धुवत नाहीत, एकत्र कुटुंब चालवतात.

भाच्याशी माणसे हळूहळू रुळली. आधी त्याच्याजवळून अंग चोरून जायची. मग त्याच्यावर खेकसू लागली, मग त्याच्याशी गप्पा मारू लागली. वन्सं तर घरची गाऱ्हाणी त्यालाच सांगायची. "तू बरा बाबा," ती म्हणायची, "मध्ये मध्ये बोलत नाहीस." यंत्रांमुळे आपण एकाही माणसाला काढले नाही, असे मालक अभिमानाने सांगत, आणि ते खरेच होते. ज्यांना काम उरले नाही ते आपले आपण गेले, एवढेच. वहिनीचा नवरा ट्रॉल्या ढकलायचा. मग ट्रॉल्या आपापल्या चालू लागल्या आणि तो घरी बसला. त्यानंतर वहिनी कामाला लागली, पण तात्पुरती. वर्ष भरले की तिला कायम करायचे की घरी पाठवायचे, हे साहेब ठरवणार होते. वन्सं, तिचा भाऊ आणि वहिनी यांचे घर एकच होते, आणि त्या घराला आता या दोघींचाच आधार होता.

साहेब म्हणजे आमच्या विभागाचे पर्यवेक्षक. मनाने वाईट नव्हेत, पण वरून फोन आला की त्यांचे कान लाल व्हायचे. एकदा फरशी पुसणाऱ्याच्या काठीचा मला धक्का लागला, भाचा थांबला आणि इस्पितळांना चादरी उशिरा गेल्या. साहेबांचे कान बराच वेळ लाल होते. मग त्यांनी सभा घेतली. ज्या महिन्यात बटण दाबले जाणार नाही, त्या महिन्यात प्रत्येकाला भिंतीवरचे घड्याळ बक्षीस. बघता बघता लोकांच्या घरी सगळ्या भिंती भरल्या. वेळ मात्र कोणाकडेच नव्हता.

मला पुन्हा धक्का लागू नये म्हणून माझ्या डोक्यावर पारदर्शक प्लास्टिकची टोपी आली. टोपी हलू नये म्हणून भोवती चिकटपट्टी. टोपी चांगली मजबूत निघाली, म्हणून तिच्यावर कोणीतरी पिशवी अडकवली. मग दुसऱ्याने. कोणाचा डबा, कोणाचा स्वेटर. तंत्रज्ञ अधूनमधून यायचा, भाच्याच्या सांध्यांना वंगण घालायचा, पिशव्यांच्या फटीतून मला बघून "आहे, आहे" म्हणायचा आणि जायचा. हो, मी होतो. टोपीतून मला सगळे दिसत होते, आणि दिसत होते म्हणूनच माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

काय दिसत होते ते सांगतो. चादरीचा कोपरा कधी कधी पट्ट्याच्या फटीत अडकायचा. नियम असा की कठड्याचे दार उघडायचे, दार उघडले की भाचा आपोआप थांबतो, मग कोपरा सोडवायचा. पण असे थांबणेही बटण दाबण्यातच धरत, म्हणजे घड्याळ गेलेच. त्यामुळे सगळ्यांनी एक युक्ती काढली होती. भाचा ट्रॉलीकडे वळला की कठड्याखालून हात घालायचा, कोपरा ओढायचा आणि तो परत यायच्या आत हात बाहेर. कठड्याखालून हात घालणाऱ्याला कामावरून कमी केले जाईल, अशी पाटी भिंतीवर होती. साहेबांना ही युक्ती माहीत नव्हती. म्हणजे ती चालू असली की ते पाठ फिरवून उभे राहत.

आणि अलीकडे भाच्याला एक खोड लागली होती. कधी कधी तो ट्रॉलीपर्यंत जायचाच नाही. अर्ध्या वाटेतून हिसका देऊन परत फिरायचा. एका दुपारी वहिनीने ते पाहिले. तिने पिशव्या बाजूला केल्या, टोपी काढली आणि मला दाबले.

साहेब आले. "का दाबलंस?"

"तो अर्ध्यातून फिरला, साहेब."

"कोणाला लागलं?"

"नाही."

"काही मोडलं?"

"नाही."

"मग?"

"लागायच्या आधी दाबायचं असतं ना?"

साहेबांनी यावर प्रामाणिकपणे विचार केला. "लागणारच होतं, हे लागल्याशिवाय कळणार कसं?" ते म्हणाले. तंत्रज्ञाला बोलावले, तर त्याच्यासमोर भाचा पाहुण्यांपुढच्या मुलासारखा शहाण्यासारखा वागला. "वहिनी," जाताना साहेब म्हणाले, "वर्ष भरत आलंय तुझं. आणखी एकदा असं झालं तर माझाही नाइलाज आहे."

टेबलावर वन्संचे तोंड फुगले होते. "घालवलंस ना घड्याळ?"

"वन्सं, घरात पाऊल टाकावं तिथं घड्याळ आहे."

"मोरीत नाहीये."

"मोरीत कशाला हवंय?"

"तुझा नवरा आत गेला की किती वेळ बसतो ते कळायला."

टेबलावरच्या बाकीच्या हसल्या. वहिनीही हसली, पण तिचे लक्ष भाच्याकडेच होते. माझेही. माझ्या डोक्यावर नवी चिकटपट्टी आली होती, या वेळी दुहेरी.

मग ती सकाळ आली. कोपरा अडकला. भाचा वळला. वन्सं गुडघ्यावर बसली आणि कठड्याखालून कोपरापर्यंत हात आत घातला. चादरीचा कोपरा निघेना. ती आणखी वाकली. आणि भाचा अर्ध्या वाटेतून फिरला.

वहिनी टेबलावरून धावत आली. तिने पिशव्या ओढल्या, कोणाचा तरी डबा फरशीवर उघडला. चिकटपट्टीचे टोक सापडेना. ती नखांनी ओरबाडू लागली. मित्रांनो, मी तेवढ्यासाठीच जन्मलो होतो आणि टोपीखाली नुसता लाल होऊन बसलो होतो. मग टोपी उडाली, तिचा तळहात माझ्यावर आदळला, माझ्या आतल्या तारा अलग झाल्या आणि भाचा थांबला.

त्याचा चिमटा वन्संच्या दंडाला टेकलेला होता. नुसता टेकलेला. बाहीला सुरकुतीसुद्धा पडली नव्हती.

वन्संने हात बाहेर काढला, बाही सारखी केली आणि उभी राहिली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

साहेब आले तेव्हा त्यांचे कान आधीच लाल होते. "परत?"

"वन्संचा हात आत होता," वहिनी म्हणाली.

साहेब वन्संकडे वळले. "होता?"

हो म्हणाली तर वन्संची नोकरी जाणार होती, भिंतीवरची पाटी समोरच होती. नाही म्हणाली तर वहिनीची जाणार होती. आणि दोन्ही पगार एकाच चुलीपाशी पोचत होते. वन्सं बाहीकडे बघत राहिली. बाहीवर काहीच नव्हते. न झालेल्या अपघाताची हीच पंचाईत असते, त्याचा डाग पडत नाही.

साहेबांनी गप्प बसण्याचा अर्थ नाही असा घेतला. "हे बघा," ते सगळ्यांना म्हणाले, "तुमच्या मनातून यंत्राची भीती जायला पाहिजे. मी स्वतः दाखवतो." त्यांनी तंत्रज्ञाला बोलावून भाचा सुरू करायला लावला, एका गुडघ्यावर बसले आणि उजवा हात कठड्याखालून आत घातला. भाचा ट्रॉलीपर्यंत गेला, गठ्ठा ठेवला, सावकाश परत आला. साहेबांनी वेळेवर हात काढला. पुन्हा घातला. भाचा पुन्हा गेला, पुन्हा आला, एकदाही अर्ध्यातून फिरला नाही. साहेबांनी तिसऱ्यांदा हात घातला आणि आतच ठेवून मान वळवली.

"बघितलंत? होतं का काही?"

वहिनीने डोक्याचा रुमाल सोडला आणि घडी घालायला घेतली. घरी जायची तयारी.

"साहेब," वन्सं म्हणाली, "डावा हात कुठंय तुमचा?"

साहेबांनी पाहिले. सगळ्यांनी पाहिले. मला पाहायची गरज नव्हती. तो घामेजलेला तळहात केव्हापासून माझ्यावर होता. उजवा हात आत गेला त्याच क्षणी डावा माझ्यावर येऊन बसला होता, साहेबांना न विचारता.

"माझा हात आत होता तेव्हा," वन्सं म्हणाली, "तिथं हिचा होता."

साहेबांनी डावा हात माझ्यावरून उचलला आणि खिशात घातला. मग उजवा अजून आतच आहे हे लक्षात येऊन तो घाईघाईने बाहेर काढला. "बंद कर ते," ते तंत्रज्ञाला म्हणाले. "आणि नीट उघडून बघ."

तंत्रज्ञाने भाच्याचा सांधा उघडला. आत, ज्या काचेतून त्याला ट्रॉली दिसायची, तिच्यावर चादरींचे तंतू साचून बोळा झाला होता. तो आड आला की ट्रॉली दिसेनाशी व्हायची आणि भाचा अर्ध्यातून फिरायचा.

नियमाप्रमाणे वन्संला काढायला हवे होते. पण साहेबांनी कठड्याखालून हात घातलेला सगळ्या विभागाने पाहिला होता, आणि नियम लावायचा तर दोघांना लावावा लागला असता. म्हणून वन्संला शिक्षा म्हणून काही दिवस ओल्या, जड चादरी उचलायला पाठवण्यात आले. वहिनी कायम झाली. तिच्या नेमणुकीच्या पत्रात बटणाचा उल्लेख नव्हता, 'वागणूक समाधानकारक' एवढेच होते. माझी टोपी परत आली नाही.

तरी मला चैन नाही. पलीकडच्या इस्त्रीच्या विभागात माझ्यासारखेच एक बटण आहे, तिथेही एक रोबो आहे, आणि त्या बटणावर अजून टोपी आहे. आज सकाळी तिच्यावर एक छत्री लटकत होती. मला हाक मारता येत नाही. मी इथून नुसता बघत असतो.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल तेव्हा तुमच्या आसपास रोबोच रोबो असतील. त्यांचे लाड करा, त्यांना पंखे लावा, माझी तक्रार नाही. पण कोणी धापा टाकत माझ्यासारख्या बटणावर हात मारला, तर "का दाबलंस" हा प्रश्न थोडा मागे ठेवा. तो नंतरही विचारता येतो. आधी "सगळे बरे आहात ना" असे विचारा. आणि "कोणाला काहीच झालं नाही" असे उत्तर आले, तर दाबण्याचे कारण तुम्हाला मिळाले असे समजा.