सणाच्या आदल्या दिवशीचं मटण

घरात कॅथलिक पाद्री सापडला तर घरधन्याला फाशी, हा राणीचा कायदा यॉर्कशायरमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. तरी आमच्या यजमानांनी, मार्मड्यूक यांनी, फादर कुथबर्टना घरात ठेवून घेतलं. राणीच्या चर्चची पायरी चढणार नाही, हा यांचा हट्ट मला मान्य होता. हा दुसरा हट्ट आपल्याला भोवणार, असं मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं.

चौदा ऑगस्टला, मरियामातेच्या सणाच्या आदल्या दिवशी, झडतीवाला स्लेड सहा माणसं घेऊन आला. फादरना भिंतीतल्या पोकळीत लपवायला वेळच मिळाला नाही. घोड्यांचे व्यापारी म्हणून त्यांना तसंच बसवलं. स्लेडने भिंती ठोकल्या, गाद्या फाडल्या, पण हाती काही लागलं नाही. दुपारी म्हणाला, "बाईसाहेब, पोटात कावळे ओरडतायत. सगळेच बसूया की जेवायला."

मी त्याचा डाव ओळखला. त्या दिवशी आम्हाला मांस वर्ज्य, आणि स्लेडची आई आमच्याच पंथातली, म्हणून त्याला ते ठाऊक. मी कापणीच्या मजुरांसाठी शिजवलेलं मटण मुद्दाम समोर आणून ठेवलं.

"अरे वा, मटण. मला वाटलं, आज या घरी नुसता मासा."

"मासा हवा होता तर काल सांगावा धाडायचा," मी म्हणाले.

फादरनी निमूट मोठा तुकडा घेतला. मीही घेतला. यांनी सुरी उचलली आणि थांबले. खा एकदाचं, असं ओरडावंसं वाटलं मला. यांनी फादरांकडे पाहिलं. फादरनी किंचित मान हलवली, तेव्हा कुठे यांनी घास तोंडात घातला.

स्लेडने सुरी खाली ठेवली. "कमाल आहे. आपल्याच घरात, आपल्याच ताटातलं खायला मालक घोडेवाल्याची परवानगी घेतात?"

यांचं चावणं थांबलं. दोघांचे हात एकाच दोरीने बांधून त्यांना नेलं, आणि महिन्याभरात दोघांना फाशी झाली.

मुलं आता सांगतात, बाबांनी उपास मोडला नाही म्हणून ते फासावर गेले. ऐकून माझा जीव जळतो. उपास मोडला होता त्यांनी, पण विचारल्याशिवाय मोडवेना. दर वेळी पापाची कबुली देताना मी हेच सांगते, की त्या एका नजरेसाठी मी अजून नवऱ्याला माफ केलेलं नाही.