डावीकडे न वळणारी हरणी

मित्रांनो, मी बोर्डीच्या किनाऱ्यावर मुलांना फिरवणारी एक तांबडी घोडी आहे. वय सतरा, म्हणजे घोड्यांत मी आता आजीच. माझे नाव हरणी. माझा जन्म झाईच्या एका चिकूवाडीत झाला आणि मी चार वर्षांची असताना माझा मालक देवजी याने मला बोर्डीला आणले. त्याने मला शिकवताना कधी घाई केली नाही. आधी पाठीवर नुसते पोते टाकले, मग खोगीर, मग लगाम. सुरूच्या झाडांपासून पाण्यापर्यंत आणि परत, एवढाच माझा रस्ता. घाबरट मुलांना लोक मुद्दाम माझ्याच पाठीवर बसवत. त्याचा मला फार अभिमान वाटे.

गेल्या हिवाळ्यात मात्र माझे वागणे बदलले. लगाम दिसला की मी मान उंच धरू लागले. देवजी डावीकडे वळवू लागला की मी अडून उभी राही. एका रविवारी योगिता नावाची सात वर्षांची मुलगी माझ्या पाठीवर होती. देवजीने डावा लगाम ओढला आणि माझ्या गालात सुरी फिरल्यासारखी कळ आली. मी मागच्या पायांवर उठले. योगिता ओल्या वाळूत पडली. कोपर खरचटले, तेवढ्यावर निभावले. पण तिचे रडणे मला फार लागले. त्या दिवशी देवजीने मला पहिल्यांदा काठीने मारले.

मला दुखते आहे हे सांगायला माझ्याजवळ शब्द नव्हते. जे करता येत होते ते मी करत होते, आणि त्यालाच सगळे खोड म्हणत होते.

देवजीने लग्नाच्या वरातींना घोडे पुरवणाऱ्या उंबरगावच्या एका वरातवाल्याला निरोप धाडला, की घोडी बिथरली आहे, घेऊन जा. तो गुरुवारी येणार होता.

देवजीची बायको भिकी रोज माझी जागा झाडायची. बुधवारी सकाळी झाडता झाडता ती थांबली. माझ्या पायाशी अर्धवट चावलेल्या गवताचे ओले गोळे पडले होते. तिने त्यातला एक उचलून देवजीपुढे धरला.

"ही गिळत नाही, थुंकते," ती म्हणाली. "डोके फिरलेले जनावर चारा थुंकत नाही. आधी डॉक्टरला दाखवा, मग विका."

देवजी कुरकुरला, पण दुपारी डहाणूहून जनावरांच्या डॉक्टर संगिताताई आल्या. त्यांनी माझे तोंड उघडून बॅटरीच्या उजेडात पाहिले. माझी डावीकडची वरची दाढ झिजून टोकदार झाली होती आणि तिने गाल आतून कापला होता. लगाम ओढला की गाल त्याच टोकावर दाबला जाई. त्यांनी मला गुंगीचे औषध दिले, लांब कानशीने दाढ घासली आणि पंधरा दिवस लगाम घालू नका असे बजावले.

देवजी बराच वेळ माझ्या मानेवर हात ठेवून उभा राहिला.

गुरुवारी वरातवाला आला, तेव्हा देवजी त्याला म्हणाला, "घोडी द्यायची नाही. ती महिनाभर मला सांगत होती, मीच तिला मारत होतो."

जखम भरली, तरी लगामाची भीती लगेच गेली नाही. लगाम खुळखुळला की माझे अंग आपोआप मागे सरायचे. देवजी रागावला नाही. त्याने तोंडात जाणारी लोखंडी कडी नसलेली दोरीची मोहरकी विणली आणि ती हातात घेऊन रोज नुसता माझ्याजवळ बसू लागला. आठव्या दिवशी मी स्वतःच तिच्यात तोंड घातले.

आता मी सुखात आहे. दोन्ही बाजूंनी चावते आणि दोन्हीकडे वळते. दर सहा महिन्यांनी माझे दात तपासले जातात. आजूबाजूचे लोकही आपली अडून बसणारी जनावरे भिकीला दाखवायला आणतात. ती आधी त्यांच्या पायाशी पडलेला चारा बघते.

मित्रांनो, तुमच्या घरचे शांत जनावर एकाएकी चावू लागले, लाथा मारू लागले, तर त्याला लगेच वाईट ठरवू नका. त्याचे तोंड, पाठ आणि खूर नीट बघा. आम्ही उगाच बदलत नाही. कुठेतरी दुखत असते, आणि तुम्ही शोधाल या आशेवर आम्ही उभे असतो.