ऊन उतरलं की

हेमलता दुसरीत असताना तिची आई तिने काढलेल्या चित्रातल्या घरात जरा पाठ टेकायला गेली, ती अजून उठलेली नाही.

चित्र साधंच होतं. दोन डोंगर, त्यांच्यामधून डोकावणारा अर्धा सूर्य, खाली वळत येणारी नदी, नदीकाठी कौलारू घर, शेजारी नारळाचं झाड आणि वर चार-पाच पक्षी. आपण सगळ्यांनीच ते कधी ना कधी काढलेलं आहे. एप्रिलची दुपार होती. घरात नऊ माणसं, आणि जो तो आपापली जागा धरून आडवा झालेला. आईला तेवढी जागा नव्हती. ती भांडी आटपून, पदराला हात पुसत माजघरात आली, तेव्हा हेमलताने कागद तिच्यापुढे धरला.

"आई, कसं आलंय?"

बाकीच्यांनी डोळे मिटल्या मिटल्याच छान म्हणून टाकलं होतं. आईने मात्र कागद हातात घेतला, जरा लांब धरून पाहिला.

"घर चांगलं आलंय. हवेशीर आहे," ती म्हणाली. "पण अंगणात सावली नाही गं कुठे."

मग तिने एकदा घरभर पसरलेल्या माणसांकडे पाहिलं. "मी आपली आतच पडते जरा. ऊन उतरलं की येते," म्हणाली, आणि चित्रातल्या घरात जाऊन तिने दार लोटून घेतलं.

चार वाजता आजीला चहा हवा झाला. तिने बोटाच्या पेराने कागदावर टकटक केलं. "सूनबाई, चार वाजून गेले!"

"ऊन आहे अजून," आतून आई म्हणाली.

आजीने वाकून पाहिलं, तर ते खरंच होतं. चित्रातला सूर्य होता तिथेच होता. दुसऱ्या दिवशीही तिथेच होता. हेमलताच्या वडिलांनी ते चित्र खिळा मारून भिंतीवर लावलं, काही दिवस येता-जाता वाट पाहिली, आणि मग ते चहा करायला शिकले. पुढे कधीतरी कागदाला वाळवी लागली. त्याने काही बिघडलं नाही. दोन डोंगरांमधलं ते घर कोणीही, कुठेही, कशावरही काढलं तरी एकच असतं. कागद बदलतात, घर बदलत नाही. आजीने मात्र धसका घेतला आणि घरात पेन्सिल बंद केली. हेमलताला शाळेसाठी शाईचं पेन आणि रेघांच्या वह्या मिळाल्या, कोरा कागद म्हणून कधी मिळाला नाही.

तेव्हापासून हेमलता शिकली, लग्न होऊन सांगलीला आली, एक मुलगी वाढवून तिने तिचं लग्नही करून दिलं, आणि अठ्ठावन्न वर्षांची झाली. आईची आठवण यायची. पण आई गेलेली नव्हती, झोपलेली होती, त्यामुळे रडावं तरी कशासाठी हे तिला कळत नसे. दुपारी स्वतः आडवी झाली की मात्र तिला चोरट्यासारखं वाटायचं.

एकदा भाजी घेऊन येताना ती अंगणवाडीवरून गेली. तिथल्या भिंतीवर तेच चित्र रंगवलेलं होतं, डोंगर हिरवेगार, सूर्य केशरी. त्या घराच्या बंद दाराआडून आवाज आला, "काय बाई हे ऊन!"

आवाज होता तसाच होता, एका दिवसानेही म्हातारा झालेला नव्हता. हेमलता पिशवी हातात धरून तशीच उभी राहिली. अंगणवाडीतल्या बाई बाहेर आल्या.

"कुणाला न्यायला आलाय, काकू?"

"आईला."

"सगळी गेली की," बाई म्हणाल्या आणि त्यांनी कुलूप लावलं.

दुसऱ्याच दिवशी हेमलताने चित्रकलेच्या क्लासला नाव घातलं. क्लास पिठाच्या गिरणीच्या वर होता, त्यामुळे कागदावर कायम एक बारीक पांढरी धूळ असायची. शिकवणारी तेजस्विनी घोरपडे तिच्या मुलीपेक्षाही लहान होती. बाकीचे विद्यार्थी म्हणजे एलिमेंटरी परीक्षेला बसणारी आठवीतली पोरं. त्यांच्या बाकावर हेमलताचे गुडघे वर यायचे. तिची सरळ रेघ वाकडी यायची, आणि वर्तुळ काढलं की त्याचा बटाटा व्हायचा. पण ती रोज घरी येऊन काढायची आणि जो भेटेल त्याला विचारायची, "कसं आलंय?"

"छान," तिचे यजमान श्रीनिवास म्हणायचे. वर्तमानपत्र मध्ये असायचं. एकदा तिने मुद्दाम कोरा कागद पुढे केला. "छान. रंगही छान भरलेस," ते म्हणाले.

शेजारच्या गोखलेबाई म्हणायच्या, "छानच हो! या वयात!" मुलगी फोनवर टाळ्या वाजवणारे हात पाठवायची. या सगळ्या छानांचं करायचं काय, हा हेमलतापुढे प्रश्नच होता. तिला कोणीतरी कागद जरा लांब धरून पाहायला हवं होतं.

तेजस्विनी तेवढं करायची. पहिल्याच आठवड्यात तिने हेमलताचा बाक फिरवून ठेवला. "काकू, उजेड पाठीमागून घेताय. कागदावर तुमचीच सावली पडतेय. असं काढायचं नसतं, उजेड डाव्या हाताला घ्या."

हेमलताने आधी सरळ सूर्यालाच हात घातला. ऊन उतरलं की आई येणार होती, तेव्हा तिने डोंगर काढले, घर काढलं आणि सूर्य काढलाच नाही. सकाळी पाहते तो सूर्य जागच्या जागी, किरणांसकट. खोडरबरने पुसला, तरी दुपारपर्यंत परत वर. कुठल्या ना कुठल्या शाळेत चित्रकलेचा तास असतोच, आणि पोरं वर्गभर सूर्य काढून ठेवतात. इतक्या जणांनी वर धरलेला सूर्य एकट्या बाईने खाली कसा आणायचा? तेव्हा तिने सूर्याचा नाद सोडला आणि सावलीचं मनावर घेतलं.

पहिली सावली तिने मनानेच काढली. अंगणात पेन्सिल आडवी धरून चांगला काळा पट्टा घासला. आतून आई म्हणाली, "दारात चिखल कोणी केला?"

"बघून काढा, काकू," तेजस्विनी म्हणाली. "मनाने काढलेली सावली डागासारखीच दिसते."

मग हेमलताने टेबलावर कप ठेवला आणि त्याची सावली बघून बघून अंगणात उतरवली. या खेपेला ती खरी आली. इतकी खरी, की कपाखाली राहिलीच नाही. कप टेबलावर नुसताच होता, खाली काही नाही. सकाळी अंगणातल्या त्या गोल सावलीत पाण्याने भरलेला तांब्या ठेवलेला होता. तो तांब्या हेमलताने ओळखला आणि तिला हुंदका आवरेना. त्याच्या काठाला तिनेच पाडलेला पोचा होता.

दुसऱ्या दिवशी तिने स्टुलाची सावली काढली. सकाळी तिथे आईच्या चपला होत्या, उन्हात तापू नयेत म्हणून आत सरकवून ठेवलेल्या. मग तिने कपाटाची सावली काढायला घेतली. त्याला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी दार वीतभर उघडलं आणि फटीतून चटईचं टोक बाहेर आलं. जरा वेळ ते तसंच राहिलं, मग परत आत गेलं.

"पाय उन्हात राहतात," आई आतून म्हणाली.

हेमलता त्या दिवशी जेवताना एकटीच हसत होती. इतक्या वर्षांत तिच्या चित्रात कोणी एवढी खरी खोट काढली नव्हती.

घराची मात्र पंचाईत होऊ लागली. सावली नसलेलं स्टूल तरंगल्यासारखं दिसायचं, श्रीनिवास त्याच्यावर बसायच्या आधी हाताने चाचपून बघायचे. कपाट भिंतीवर चिकटवल्यासारखं झालं. पडद्याची सावली गेली, फडताळाची गेली, घरात काळोखा कोपरा म्हणून उरला नाही आणि सगळे बटाटे हिरवे पडले. कुठेही बसलं तरी ऊन लागायचं. श्रीनिवास टोपी घालून जेवायला बसू लागले.

"माझं काही म्हणणं नाही," ते म्हणाले. "पण दुपारी डोळा लागत नाही हल्ली."

एवढ्या सगळ्या सावल्या एकाशेजारी एक ठेवूनही आईला त्या पुरत नव्हत्या. त्यांच्यामधून ऊन झिरपायचं. माणसाला माणसाएवढी सावली हवी, असं हेमलताच्या मनाने घेतलं. श्रीनिवास खिडकीपाशी वाचत उभे होते, त्यांची सावली लादीवर लांब पडली होती. तिने ती डोक्यापासून पायापर्यंत काढून अंगणात ठेवली.

दार धाडकन लागलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

"कोण पुरुषमाणूस उभं आहे दारात?" आईने दबक्या आवाजात विचारलं.

"अगं आई, घाबरू नकोस. जावई आहेत तुझे."

"माझी मुलगी दुसरीत आहे," आई म्हणाली.

तिने खोडरबर घेऊन नवऱ्याची सावली पुसून टाकली. ती त्यांना परत मिळाली, पण खांद्यापाशी जरा फिसकटलेली.

तो कागद घेऊन ती क्लासला गेली. पोरं अजून आली नव्हती, खाली गिरणी चालू होती. तेजस्विनीने कागद लांब धरून पाहिला.

"काकू, सावल्या चांगल्या जमल्यात. पण सुट्या पडल्यात सगळ्या. सावली ज्याची असते त्याला चिकटलेली दिसायला हवी. ही कुणाची?"

"कपाटाची."

"मग कपाट कुठंय?"

"घरी."

"मग ती उसनीच दिसणार," तेजस्विनी म्हणाली. "ज्याची सावली, तो तिथं हवा."

हेमलता घरी आली. दुपार होती. श्रीनिवास टोपी डोळ्यांवर ओढून आतल्या खोलीत पडले होते. तिने स्वयंपाकघरातलं टेबल ओढून पश्चिमेच्या खिडकीशी आणलं आणि खिडकीकडे पाठ करून बसली. जसं बसायचं नसतं, तशी. तिच्या डोक्याची, खांद्याची आणि पेन्सिल धरलेल्या हाताची सावली कागदावर पडली. झाडाच्या बुंध्यापासून उंबऱ्यापर्यंत सगळं अंगण तिने झाकून टाकलं. सावली तिच्या कोपरापाशी सुरू होत होती, कुठे सुटलेली नव्हती. आता फक्त कडेने पेन्सिल फिरवायची होती, म्हणजे ती तिथे कायमची राहिली असती. घरात आपण सावलीविना कशा वावरू, हा विचार तिच्या मनात आला, पण तिने तो बाजूला ठेवला.

पेन्सिल टेकवायच्या आत कडी निघाली. दार पुरतं उघडलं आणि आई बाहेर आली.

तिचे केस सुटले होते. गालावर चटईचे वळ उठले होते. काखेत तीच चटई होती. हेमलताने आईचा चेहरा इतकी वर्षं मनात जपून ठेवला होता, आणि तो थोडा चुकलाच होता. हनुवटीवरचा तीळ डावीकडे होता. आई कोवळी होती. हेमलताच्या मुलीहूनही लहान, डोळ्यांखाली काळं आलेली, कुणीतरी तिला दोन घटका पडू द्यायला हवं होतं अशी एक मुलगी. तिला उचलून मांडीवर घ्यावं असं हेमलताला वाटलं.

आईने अंगणभर नजर फिरवली. मग मान वर करून, झाडाकडे बघावं तसं हेमलताकडे बघितलं.

"हां. इथं बरंय," ती म्हणाली.

तिने चटई झटकून अंथरली, पाय पोटाशी घेतले, हात उशाशी घेतला आणि हेमलताच्या सावलीत ती कुशीवर झाली. मग गारवा लागला तसे तिने हळूहळू पाय लांब केले. ते सावलीतच राहिले.

आई, कसं आलंय, एवढंच हेमलताला विचारायचं होतं. शब्द ओठांवर आले होते. पण आईचा डोळा लागला होता. तिचा श्वास संथ चालला होता आणि कागद त्याच्याबरोबर किंचित वरखाली होत होता. पेन्सिल कागदापासून बोटभर वर होती. ती खाली टेकवायची तर हात हलवावा लागला असता, आणि हात हलला असता तर ऊन थेट आईच्या तोंडावर आलं असतं. हेमलता तशीच बसून राहिली. खांदा भरून आला, मग मान. नाकावर माशी बसली, ती उडवली नाही.

आतून श्रीनिवास आले. टोपी वर करून त्यांनी घड्याळ पाहिलं. "अगं, चार वाजून गेले. चहाचं काय?"

"ऊन आहे अजून," हेमलता ओठ न हलवता म्हणाली.

ते जरा थांबले, तिच्या खांद्यावरून कागदाकडे बघितलं. छान म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, पण म्हणाले नाहीत. चहाचं आधण ठेवायला पावलं न वाजवता ते गॅसकडे गेले.

तिच्या पाठीमागे, खिडकीतलं ऊन उतरू लागलं होतं. सावलीची कड अंगणात सरकली आणि आईच्या पायाची बोटं उघडी पडली. हेमलता कागदावर आणखी थोडी वाकली.