चौथ्या गाण्यातली घंटी

पंधराव्या वाढदिवसाला ताईने बारकीला एक कॅसेट दिली. निळं कव्हर, नऊ गाणी आणि किंचित घोगऱ्या आवाजाची गायिका. मैत्रिणीशी अबोला धरला तेव्हा बारकीने ती ऐकली, गणितात गटांगळी खाल्ली तेव्हा ऐकली, आणि आई गेली त्यानंतरचे कितीतरी दिवस दुसरं काही ऐकलंच नाही. गायिका कुठे श्वास घेते, गिटारवाला कुठे जरा घाई करतो, सगळं तिला तोंडपाठ होतं. चौथ्या गाण्यात दुसऱ्या कडव्यानंतर तीनदा एक बारीक घंटी वाजायची. ताई म्हणायची, "तिथं पोचलीस की तुझा चेहरा साय खाल्लेल्या मांजरीसारखा होतो."

ती सतरा वर्षांची झाली आणि बाबांच्या पाठीने दगा दिला. बावीस वर्षं ते पत्र्याच्या झाकणांच्या कारखान्यात होते. ताई कापडाच्या दुकानात जायची, तिच्या एकटीवर घर चालेना. मुकादमाने निरोप धाडला, की घरातलं कोणी आलं तर बाबांची जागा त्याला देऊ. शाळा संपलेलीच होती. बारकी घाबरलेली बघून बाबा म्हणाले, "आवाज फार असतो, एवढंच. आवाजाने कोणी मरत नाही."

एका छपराखाली बारा प्रेस. पत्रा सरकवायचा, पायाने दाबायचं, वरून लोखंड आदळायचं की झाकण खाली. पहिल्या संध्याकाळी ताई समोर बसून बोलत होती आणि ते भिंतीपलीकडून आल्यासारखं वाटत होतं. सकाळी कान मोकळे झाले. "आठ दिवसांत सवय होते," मुकादम म्हणाला होता. त्याचं खरं ठरलं.

कॅसेटने तिला तिथे तारलं. जेवणाच्या सुट्टीत ती वॉकमन लावून भिंतीला टेकायची, आवाज पूर्ण वाढवून. पूर्वी तिला ती सगळी गाणी प्रेमाची वाटायची. आता तीच गाणी घर सोडून निघालेल्या बाईची वाटू लागली. शब्द तेच होते, ऐकणारी वाढत होती.

आठव्या महिन्यात एका दुपारी चौथं गाणं संपलं आणि तिच्या लक्षात आलं, की घंटी वाजलीच नाही. तिने फीत मागे नेली. नाही. आदल्या दिवशी वाजली होती का, तेही तिला सांगता येईना. इतके दिवस ती कदाचित आठवणीतूनच ऐकत होती.

"फीत झिजली," तिने स्वतःला सांगितलं. वॉकमन स्पिरिटने पुसला. मग तीच कॅसेट नवी आणली आणि घरी मोठ्या टेपवर लावली. ताई भाजी निवडत बसली होती.

"ताई, घंटी ऐकू येते?"

"येते की." ताईने बोट वर केलं. "ही बघ. ही दुसरी. आणि ही."

बारकी बोटाकडे बघत राहिली.

"काय गं?"

"काही नाही. आली मलाही."

त्यानंतर ती रोज कॅसेट ऐकू लागली, पण आवडीने नव्हे. दार नीट लागलंय का हे पुन्हा पुन्हा बघावं, तशी. पावसाळ्यापर्यंत सहाव्या गाण्याआधीचा श्वास गेला. मग गायिकेच्या शब्दांतला 'स' पुसट झाला. अठरावा वाढदिवस मधेच कधीतरी येऊन गेला.

शेजारच्या प्रेसवर मावशी असायची, तिथली सगळ्यांत जुनी. बायका चेष्टा करायच्या, "मावशीला काही सांगायचं तर पत्र टाका." एका सकाळी बाराही प्रेस चालू असताना मावशी तिच्याकडे बघून बोलू लागली. सुनेबद्दल, दुखऱ्या दाढेबद्दल. बारकीही उत्तरं देत होती. मधेच मावशी थांबली.

"मी आवाज काढतच नव्हते," तिचे ओठ म्हणाले. "नुसतं तोंड हलवत होते. तुला सगळं कळलं?"

बारकीचा पाय प्रेसवरच थांबला.

"म्हणजे तुझंही सुरू झालं," मावशी म्हणाली. "मला नातू रडलेला ऐकू येत नाही. पाळणा हलला की उठते."

त्या आठवड्याच्या सुट्टीला बारकी इस्पितळात गेली. कान तपासणाऱ्या बाईने तिला काचेची खिडकी असलेल्या छोट्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवला, हातात बटण दिलं. "ऐकू आलं की दाबायचं." थोड्या वेळाने बाईने दार उघडलं.

"शेवटी शेवटी दाबलं का नाहीस?"

"वाजलंच कुठे?"

बाईने कागदावरची रेघ दाखवली. निम्म्यापर्यंत सरळ जाऊन ती पायरी चुकल्यासारखी खाली गेली होती. "वय किती तुझं?"

"अठरा."

बाईने कागद तिच्या हातात दिला. "गेलं ते येणार नाही. उरलंय ते राखता येईल, पण तिथं राहून नाही."

दुसऱ्या दिवशी बारकीने कागद मुकादमासमोर ठेवला. सगळ्यांना कानावर लावायला काहीतरी द्या, म्हणाली. त्याने कागदाला हात लावला नाही. "असा कागद इथल्या प्रत्येकाचा निघेल," तो शांतपणे म्हणाला. "म्हणून तर कोणी काढत नाही. तुला नको असेल तर जा, फाटकावर माणसं उभी आहेत."

ती गेली. निघताना मावशीला इस्पितळाचा पत्ता लिहून दिला. मावशीने तो घडी करून कमरेला खोचला, पण मावशी तिथे गेली की नाही, हे बारकीला पुढे कधी कळलं नाही. ताईने दुकानात शब्द टाकला आणि महिनाअखेरीला बारकी तिथे कापड मोजू लागली.

बाबांना सांगणं मात्र जड गेलं. बाबांनी कागद दोनदा वाचला, मग उलटा करून मागची कोरी बाजूही बघितली.

"मीच तुला तिथं पाठवलं," ते म्हणाले.

बारकीला "नाही" म्हणता आलं असतं, पण खोटं बोलायचं वय आता संपलं होतं.

पुढच्या आठवड्यात ते काठी टेकत तिच्याबरोबर इस्पितळात आले. बाईने त्यांना आत बसवलं, बटण दिलं, दार लावलं. बारकी बाहेर बाईच्या मागे उभी राहिली. बाईने यंत्राची आवाज वाढवायची खुंटी थोडी फिरवली, वाट पाहिली, आणखी फिरवली. काचेपलीकडे बाबा ताठ बसले होते, अंगठा बटणावर ठेवून, शाळेतल्या शहाण्या मुलासारखे. मग त्यांनी बारकीकडे बघून भुवया उंचावल्या. कधी सुरू करणार, असं ते विचारत होते.

बाईने खुंटी शेवटपर्यंत फिरवलेली होती.