झुंबरबाईच्या तोंडातले किडे

धामणगाव बढ्याच्या पारावर अख्खं गाव लोटलं होतं. स्वतःला दंतनाथ म्हणवणारा एक बुवा लेकरांच्या दातांतले किडे काढत होता. परातीत पाणी, मधोमध तापून लाल झालेलं लोखंड, त्यावर तेलात कालवलेली ‘हिमालयातली औषधी’ आणि वर उपडं मडकं. मडक्याच्या भोकातली नळी लेकराच्या तोंडात गेली, धूर निघाला, मडकं उचललं की पाण्यात पांढरे वळलेले किडे तरंगत. लोक हात जोडत होते.

शाळेच्या सुहासिनीबाईंचं डोकं भणभणलं. जेवल्यावर चूळ भरा, सकाळी निंबाच्या काडीनं दात घासा, गूळ चघळत झोपू नका, हे पोरींना सांगून सांगून त्यांचा घसा बसला होता. त्यांच्या वर्गातल्या कोकिळेचा गाल टम्म सुजला होता, दाढेत पू झाला होता. बुलढाण्याच्या दवाखान्यात न्यायला कालच बैलगाडी ठरवली होती. ती आज कोकिळेच्या आईनं, रुखमाबाईनं परत पाठवली.

“किडे निघाले ना बाई. पोरीचं दुखनंबी थांबलं. आता बुलढान्याले काऊन जाचं?”

कोकिळा मजेत गूळ खात होती. आता दात घासायचं काम नाही ना, असं तिनंच बाईंना विचारलं. बाईंना रडावं की ओरडावं कळेना.

त्यांनी परातीत वाकून पाहिलं. लोखंडावर फुटलेल्या बियांची टरफलं होती. बाई सरळ झाल्या आणि गर्दीतल्या म्हाताऱ्या झुंबरबाईला त्यांनी पुढे बसवलं. बुवा चपापला. म्हातारीचे ग्रह ठीक नाहीत, असं काहीबाही पुटपुटू लागला. पण आपल्याकडून कोणीही निराश होऊन जात नाही, अशी फुशारकी त्यानंच सकाळपासून मारली होती. लोकांनी त्याला मडकं ठेवायला लावलं.

धूर निघाला. मडकं उचललं. पाण्यात भरपूर किडे.

झुंबरबाईनं आपलं बोळकं सगळ्यांना उघडून दाखवलं. “माह्या तोंडात एकबी दात नाई. मंग हे किडे कोनाचे हो, बुवा?”

बाईंनी औषधीची चिमूट उघड्या लोखंडावर टाकली. बी तडतडलं आणि आतला वळलेला पांढरा कोंब बाहेर पडला.

“ही भुईरिंगणी आहे. तुमच्या शेताच्या धुऱ्यावर उगवते, दर वर्षी तुम्हीच उपटून फेकता. हिच्या धुरानं दाढ घटकाभर बधिर होते, म्हणून दुखत नाही. पू आतच आहे.”

बुवा पिशवी उचलून पळाला आणि सारे पुरुष शिव्या देत त्याच्यामागे धावले. मघाशी हेच त्याच्या पाया पडत होते. पार रिकामा झाला. बधिरपणा उतरला तशी कोकिळा गाल धरून कण्हू लागली. रुखमाबाई तिला कुशीत घेऊन नुसतीच बसली होती.

बाईंचा संयम सुटला. “अरे, परत फिरा! बुवाला बडवायला सगळं गाव, आणि पोरीला दवाखान्यात न्यायला एकही नाही? गाडी जुंपा आधी. दातात किडे नसतात, खाल्लेलं अन्न कुजत असतं. ते रोज आपल्याच हातानं काढायचं असतं. आणि पुन्हा कोणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी मडक्याखाली काय आहे ते बघा.”

धावणाऱ्यांपैकी गाडीवाला कारभारी तेवढा थांबला. मान खाली घालून तो गाडीला बैल जुंपायला गेला.