तिसऱ्या गावचा माणूस

पहाटे सगळं शांत असताना डबीचं झाकण टक् करून उघडलं. मी कूस न बदलताच ओळखलं. मागोमाग एरंडीच्या तेलाचा वास आला आणि चामड्यावर फडकं घासल्याचा आवाज. हे आपल्या फुटबॉलच्या बुटांना तेल लावत होते. वर्षभरात ते बूट एकदाही पायात गेले नव्हते.

गुडघा मागच्या जानेवारीत गेला, वर्ध्याच्या मैदानावरच. दवाखान्यातून घरी आणायच्या दिवशी डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बोलावलं. म्हणाले, चालतील, सायकलही चालवतील, पण खेळणं आता संपलं. मी सांगू की तुम्ही सांगाल? मी म्हटलं, मी सांगते. ते सांगणं वर्षभर माझ्या पोटात राहिलं. रोज वाटायचं, आज नको, उद्या. तिकडे संघाच्या यादीत यांचं नाव तसंच होतं, आणि "उन्हाळा निघू दे, पाय मोकळा होईन" असं हे म्हणत राहिले आणि पावसाळा सरला, दिवाळी झाली, संक्रांतही होऊन गेली.

या वर्षभरात यांनी एक सामना पाहिला नाही. मैदानावरून जायचं झालं तर दुसरी गल्ली धरायचे. म्हणून हिंगणघाटहून माझ्या मोठ्या बहिणीचा, देवकाबाईचा निरोप आला, की रविवारी मिलच्या मैदानावर पुलगावचा संघ येतो आहे, तुम्ही या, तेव्हा मला वाटलं, हे नाहीच म्हणतील. पण हे म्हणाले, "आपल्यातलं कोनी नाई ना त्यात? मंग जाऊ. तमाशा पाह्यल्यासारखं पाहू."

मी मनाशी ठरवलं, येताना गाडीत सांगायचं. खेळ डोळ्यांखालून गेला असेल, मन जरा हलकं असेल. आमची पोरगी फुला सहा वर्षांची. ती तोवर झोपेल.

आमच्या सिंदी मेघेहून वर्ध्याच्या स्टेशनापर्यंत पायी गेलो, सकाळची पॅसेंजर धरली. बहिणीने ओल्या तुरीचे सोले घालून वांग्याची भाजी केली होती. तिचे यजमान तानबाभाऊजी कापडाच्या मिलमध्ये सांच्यावर, म्हणजे मागावर, कामाला. पानावर बसल्या बसल्या त्यांनी यांना डिवचायला सुरुवात केली.

"बोला साडूबुवा, आज कोनाच्या बाजूनं?"

"कोनाच्याच नाई."

"जेवता आमच्या घरी अन् बाजू नाई?"

"भाजीच्या बाजूनं हाय ना. आनखी वाढा."

देवकाबाई हसली. मीही हसले. यांना असं बोलताना ऐकून किती दिवस झाले होते.

मैदान मिलच्या भिंतीला लागूनच होतं. वर्ध्याच्या मैदानापेक्षा मोठं. एका अंगाला टिनाचं छप्पर आणि त्याखाली बाकं, बाकी तिन्ही अंगांनी मातीचा बांध. गोलाच्या सागवानी बल्ल्यांना डांबर फासलेलं. एका गोलामागे बायकांना बसायला बैल सोडून बंड्या उभ्या केल्या होत्या. आम्ही त्यातल्या एकीत बसलो. हे टिनाखाली न बसता बांधावर जाऊन बसले. मी लांबून पाहत होते. यांची नजर चुन्याच्या रेषेवरून सावकाश फिरत गेली, पार कोपऱ्यापर्यंत.

हिंगणघाट आणि पुलगाव या दोन गावांत एक रीत होती. मागे कुठल्याशा साली लाइनमनवरून डोकी फुटली, तेव्हापासून रेषेवरची झेंडी तिसऱ्या गावच्या माणसाच्याच हातात द्यायची. त्या दिवशी जाम गावचे एक मास्तर येणार होते, ते आलेच नाहीत. पंच प्रेमदास म्हणून रेल्वेतले होते. ते झेंडी घेऊन माणूस शोधत फिरू लागले, तसे तानबाभाऊजी उठले.

"आमचे साडू हायेत ना. किसनराव, वर्ध्याचे. दहा वर्सं खेळले हायेत. आताच मले म्हनले, बाजू नाई म्हनून."

लोकांनी माना वळवल्या. देवकाबाई मला म्हणाली, "काय वं, पाय ठीक हाय ना आता त्यायचा?"

तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "हो, चालतात ना."

तोवर हे उठले होते. झेंडी हातात घेतली आणि तिचा दांडा तळव्यावर एकदा हलकेच आपटला. असा चेहरा मी वर्षभरात पाहिला नव्हता.

पहिला अर्धा वेळ बरा गेला. खेळ बहुतेक पलीकडच्या बाजूलाच होता. यांना चालूनच भागत होतं. दोनदा झेंडी वर केली आणि दोन्ही गावांनी निमूट मानली. फुला बंडीत उभी राहून शेजारच्या बायकांना सांगत होती, "ते माहे बाबा हायेत."

दोन्हीकडे एकेक गोल झाला. सामना संपत आला तेव्हा पुलगावचा एक सडपातळ गडी यांच्या रेषेवरून बॉल घेऊन सुटला. त्याच्या बरोबरीने हेही सुटले. आठ-दहा पावलं हे खरोखर पळाले. मग पाय अडकला. हे गुडघ्यावर हात ठेवून तिथेच वाकले. इकडे आमच्या समोर बॉल मारला गेला आणि गोलकीपरने तो अगदी गोलाच्या रेषेवर पोटाशी धरला. रेषेच्या आत की बाहेर, मला सांगता येणार नाही. मी बॉलकडे पाहतच नव्हते.

"गोल," पुलगावचे ओरडले. मिलवाले म्हणाले, "गेलाच नाई आत." प्रेमदास धावत यांच्याकडे गेले.

"किसनराव, बॉल आत होता?"

काहीही म्हटलं असतं तरी चाललं असतं. तिसऱ्या गावचा माणूस. त्याचा शब्द दोघांनाही मानावाच लागला असता.

"मले नाई दिसलं," हे म्हणाले. "मी मांगंच राह्यलो. पाय नाई चालला."

बांधावरून कोणीतरी म्हटलं, "लंगड्याच्या हाती झेंडी कोनं देल्ली बे?" हसू पसरलं. तानबाभाऊजी त्या दिशेने निघाले, त्यांना दोघांनी धरलं. यांनी तिकडे पाहिलंच नाही. झेंडी प्रेमदासांपुढे धरली. "दुसरा मानूस पाहा. माह्यानं होत नाई हे."

प्रेमदासांनी गोल दिला नाही. पुलगावचा कप्तान दोन शब्द भांडला, मग यांच्याजवळ आला. "दुसऱ्यानं काईबी ठोकून देल्लं असतं," तो म्हणाला. "बसा भाऊ, दम घ्या." एका बंडीवाल्याने रिकामं पोतं आणून टाकलं. सामना बरोबरीत सुटेपर्यंत हे त्याच्यावर पाय लांब करून बसले होते.

संध्याकाळच्या गाडीत गर्दी नव्हती. फुला झोपली नाही, माझ्या मांडीवर जागीच होती. मी मनात शब्द जुळवत होते, जुळत नव्हते. तेवढ्यात हेच बोलले, खिडकीबाहेर पाहत.

"उद्या संघात जातो. यादीतून माहं नाव काढा म्हनतो. कोन्या पोराले तरी जागा होईन."

"हं," मी म्हटलं.

"पाय काई आता पैल्यासारखा होत नाई."

मी दचकायला हवं होतं. असं काऊन म्हनता, होईन ना, असं काहीतरी म्हणायला हवं होतं. मी फुलाच्या अंगावरची शाल नीट करत राहिले. ती नीटच होती. यांनी खिडकीतून मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. रागाने नाही.

फुलाने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"आई," ती म्हणाली, "तुले पैलेच मालूम होतं?"